छतावरचा डाग आणि वरच्या जास्वंदी

२ नोव्हेंबर

डाग वाढला! परवा कासवाएवढा होता, आज कासवाला शेपूट फुटलंय. आणि नेमका वन्संच्या पलंगाच्या वर. हे गेल्यापासून घरात आम्ही नणंद-भावजय दोघीच, दोघींचेही गुडघे शिडीवर चढायच्या लायकीचे नाहीत. वन्सं सकाळी उशीवरूनच म्हणाल्या, "छत पडेल एक दिवस माझ्या तोंडावर. तू बस दुकानात बटणं मोजत."

आमच्या वर फक्त गच्ची. पाण्याची टाकी, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांचं कुंड्यांचं रान. दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केल्यापासून झाडांच्या मागे लागलेत. रोज पाणी ओतल्यावर मुरणार नाही तर काय!

अर्ज लिहिला — कुंड्या हटवा. सेक्रेटरींच्या हातात दिला. बरं वाटलं.

५ नोव्हेंबर

जिन्यात नोटीस लागली. महिनाअखेर गच्ची रिकामी करावी. वन्संनी चष्मा पुसून दोनदा वाचली.

६ नोव्हेंबर

दुकान बंद करून थेट गच्चीवर गेले. डॉक्टर काही बोललेच तर चार शब्द सुनवायचे, अशी जय्यत तयारी. बघते तर हा माणूस स्टुलावर बसून, दात बघायचा तो छोटा आरसा पानाखाली धरून बघतोय! मान न वळवता म्हणाले, "पिठ्या ढेकूण. पाठीमागे लपतात. पुढून सगळं छान दिसतं, कीड नेहमी मागच्या बाजूला. — तुम्हीच ना अर्जवाल्या? बसा."

बसले. करणार काय?

इतकी वर्षं जास्वंद म्हणजे फाटकाजवळची ती लाल, एवढंच मला ठाऊक. तिथे तर नुसती लूट होती! एक केशरी, इतक्या पाकळ्यांची की अस्तराचं कापड मुठीत चुरगाळून सोडल्यासारखी. एक देठाला उलटी लोंबणारी, पाकळ्यांना कातरलेली झालर, आणि मधला तुरा हातभर खाली आलेला — तिला ते झुंबर म्हणतात. आणि कोपऱ्यात एक राखी. खरोखरची राखी, जांभळ्याकडे झुकलेली, पोटात गडद डोळा, कडेला पिवळसर रेघ. फुलाला असा रंग असतो? मी तोंड उघडंच ठेवून उभी. डॉक्टर म्हणाले, "मिटा आता. दात चांगले आहेत."

निघताना खाली पडलेली केशरी उचलून दिली मला. भांडायचं राहूनच गेलं.

७ नोव्हेंबर

कालचं केशरी फूल मलूल झालं होतं, तरी दुकानात नेलं. रिळांच्या खणाशी धरलं आणि दुसरं रीळ लावताच रंग जुळला! आमच्या दुकानात 'नाही' हा शब्द नाही — दोरा, बटण, अस्तर, रंग आणा नि जुळवून घ्या. आज पहिल्यांदा गिऱ्हाईक मीच होते.

८ नोव्हेंबर

आज पिवळं नेलं. विचारलं, पाण्यात ठेवू का? डॉक्टर म्हणाले, "गरज नाही. तोडलं काय, झाडावर ठेवलं काय, जास्वंदीचा दिवस एकच. तो ती पुरता जगते." खरंच, गल्ल्याशेजारी कोरडं पडून होतं, तरी संध्याकाळपर्यंत टवटवीत! शिंपी आला तो बटणं विसरून फुलाकडेच बघत राहिला.

११ नोव्हेंबर

रोज जाते आता वर. वन्संना सांगते, डागाची चौकशी करायला जाते. "चौकशीला केसांत पावडर घालून जातात वाटतं," म्हणाल्या. पावडर नव्हती, पराग होता. झुंबराखालून वाकून गेले होते.

आज पांढरी बघितली. डॉक्टर म्हणाले, "वास घ्या." जास्वंदीला कुठला वास, म्हणून नाक नेलं — आणि मंद, अगदी मंद, धुतलेल्या कपड्यांसारखा! सगळ्यांना सगळं देऊन झाल्यावर हिच्यासाठी कुणीतरी वास राखून ठेवला असावा.

मिरची जास्वंद मात्र उघडतच नाही. लाल, गुंडाळलेली, मिरचीसारखी लटकलेली, जन्मभर मिटून. मी म्हटलं, बिचारी. "बिचारी कसली! मध तिच्यातच सगळ्यात जास्त. ज्याला हवाय तो शोधत येतो."

१३ नोव्हेंबर

एक झाड वेड लावणारं आहे. सकाळी फूल पांढरं स्वच्छ. दुपारी जेवायला घरी आले तेव्हा गुलाबी. संध्याकाळी लालबुंद! तेच फूल, तोच देठ. मी तीन रिळं घेऊन तीनदा जिना चढले. वन्सं म्हणाल्या, गुडघे कुठे गेले तुझे?

डॉक्टरांचे गुडघे मात्र खरंच बरे दिसत नाहीत. एका जिन्याला दोनदा थांबतात. "श्वास नाही, विचार करतोय," म्हणतात.

१५ नोव्हेंबर

आज कलम शिकवलं. ही नखरेल मंडळी स्वतःच्या मुळांवर धड उभी राहत नाहीत. फाटकाजवळ आहे तसल्या साध्या लालच्या बुंध्यावर बांधतात त्यांना. म्हणजे राखी राणीचं सगळं ओझं खाली लालच्याच खांद्यावर! घरी येताना फाटकाशी थांबले, तिच्याकडे नीट बघितलं. पाच पाकळ्या, एक तुरा, तक्रार नाही. एवढा लाल रंग रोज कुठून आणते कुणास ठाऊक.

छाटणी कुठे करायची, पाणी किती, कुंडी कधी बदलायची, सगळं सांगतात. कंटाळत नाहीत. पाणी मगाने मोजून घालतात. कुंडीखालच्या थाळीत थेंब उतरत नाही.

१७ नोव्हेंबर

टाकीच्या सावलीबाहेर एक वेगळी कुंडी आहे. बी लावून वाढवलेलं झाड, डॉक्टरांनी स्वतः राखीचा पराग लालला लावला होता, त्याचं. तीन वर्षं नुसती पानं. आता पहिली कळी आली आहे! कसलं फूल येईल, कुणालाच माहीत नाही. त्यांनाही नाही.

आणि ही कुंडी हलवायची नाही. हलवली, नुसती फिरवली तरी जास्वंद रुसते आणि कळ्या गाळते. महिनाअखेर गच्ची रिकामी करायची, आणि कळी अजून हिरवी, मुगाएवढी.

हे माझ्यामुळे. माझ्या एका कागदामुळे! जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर

सेक्रेटरींकडे गेले. अर्ज परत घेते म्हटलं. "गळती परत घेता येते का?" म्हणाले. म्हटलं, डाग वाळला. "उद्या बघायला येतो."

२० नोव्हेंबर

पहाटे उठून टेबलावर स्टूल, स्टुलावर मी! वन्संनी स्टूल धरलं, शिव्या देत. कासवाला पांढरा रंग फासला. खाली उतरून बघितलं तर छत दुधाळ आणि माझा पट्टा निळसर. आयुष्यभर रंग जुळवणारी बाई मी, आणि छताचा पांढरा चुकला!

सेक्रेटरी आले, वर बघितलं, माझ्या केसांतला रंग बघितला. "छान," म्हणाले. "कुंड्या तीस तारखेला."

२३ नोव्हेंबर

डॉक्टर चिडलेच नाहीत. उलट म्हणाले, "माणूस बघून रंग सांगता ना तुम्ही? मग सांगा, आपल्या इमारतीत कुणाला कोणती शोभेल?"

बसून जुळवलं. तळमजल्यावरचे हिशेबनीस, जे कुणाशी बोलत नाहीत, त्यांना मिरची. सकाळी भांडून संध्याकाळी गोड होणाऱ्या जोडप्याला रंग बदलणारी. ज्या आजोबांना कमी दिसतं, त्यांना वासाची पांढरी. आणि सेक्रेटरींना? दोघे एकदम म्हणालो — साधी लाल! पाणी विसरलं तरी मरत नाही. किती हसलो!

दारोदार गेले. वाटलं, तोंडावर दार लावतील. कुठलं काय! "काढून टाकणार? अरेरे, द्या द्या." सेक्रेटरींची बायको तर दोन मागत होती. हिशेबनीस एवढंच म्हणाले, "उघडत नाही ना? चालेल."

२९ नोव्हेंबर

गच्ची ओकीबोकी. राहिली फक्त ती कळी, आता बोराएवढी, टोकाला रंगाची शंका. कुंडीला खडूने खूण केली, शिवणाचा खडू, सूर्याची बाजू चुकू नये म्हणून. मग मी आणि शिंपी, काठोकाठ भरलेलं पातेलं नेतात तसे एकेक पायरी खाली. डॉक्टर पुढे, मागे बघत — "हळू, हळू, दुखणार नाही."

खूण सूर्याकडे करून आमच्या खिडकीत ठेवली.

३० नोव्हेंबर

कळी आहे. वन्संनी खिडकीला हात लावायची बंदी केलीय. मलाही.

३ डिसेंबर

उमललं!!

वन्संनी हाक मारली, "अगं ये, आलंय बाळ!" धावले. बशीएवढं फूल. तांब्याचं जुनं भांडं घासताना मध्येच जो रंग दिसतो ना, तो. कडेला राखी धुकं, आणि पोटात फाटकाजवळचा लाल, तसाच्या तसा! डॉक्टरांना बोलावलं. स्टुलावर बसले, आरसा काढला, पाठ बघितली, पोट बघितलं. मग नाक पुसलं आणि म्हणाले, "आईवर गेलीय."

दुकानातून रिळांचे सगळे खण घरी आणले. एकही जुळलं नाही. पहिल्यांदाच मी म्हटलं, नाही. आमच्याकडे नाही.

९ डिसेंबर

छत ओलं! निळसर पट्ट्यातून कासव पुन्हा वर आलंय, आधीपेक्षा मोठं. पाऊस नाही. वर एक कुंडी नाही, पाण्याचा थेंब नाही.

आहे ती फक्त टाकी.

बिनगुन्ह्याचं घर उठवलं मी डॉक्टरांचं. उद्या सगळ्यांच्या दारी जाऊन कुंड्या परत मागते. आधी त्यांचे पाय धरायला हवेत.

१० डिसेंबर

डॉक्टरांकडे गेले. दारात दोन ट्रंका बांधलेल्या.

"टाकी? माहीत होतं की! सेक्रेटरींना दोनदा सांगितलं, ऐकतं कोण." म्हटलं, मग माझ्या अर्जाला गप्प का बसलात? गुडघ्यावर हात ठेवला. "मुलीकडे चाललोय, कायमचा. तिच्याकडे गच्ची नाही. वर्षभर दारोदार फिरलो, फुकट देतो म्हणून. कुणी घेईना. काढून टाकणार म्हटल्यावर मात्र रांग लागली! तुमच्या अर्जाचे उपकार आहेत बाई."

आरसा माझ्या हातात ठेवला.

जिना चढून घरी आल्यावर आठवलं, खिडकीतलीला पाणी किती घालायचं ते विचारायचं राहिलं. परत फिरले — आणि अर्ध्या जिन्यात थांबले. मला माहीत आहे. एक मग, थाळीत थेंब उतरू न देता. सगळंच माहीत आहे मला. त्यांनी आधीच शिकवून ठेवलंय.