तबकडी अजिबात हलत नाही

६ मार्च
ठरवलं. ‘शनीची स्वारी’ आता फक्त रविवारी बघायचा. व्हर्ननला जाऊन वर्ष उलटून गेलं, रोज संध्याकाळी तोच सिनेमा लावणं बरं दिसत नाही. मी काही आठवणींत बुडालेली विधवा नाही. सिनेमा चांगला आहे म्हणून बघते.
आज बुधवार. नियम उद्यापासून.

७ मार्च
बघितला. पण फक्त शनीवाल्यांची उडती तबकडी उतरते तेवढाच. त्याला सिनेमा बघणं म्हणत नाहीत.
जमिनीला टेकायच्या आधी तबकडी एकदा डावीकडे कलते, दचकल्यासारखी. ते माझ्यामुळे. आमचं नुकतंच ठरलं होतं. मी ट्यूना सँडविचचा डबा घेऊन स्टुडिओत गेले. व्हर्नन वर मचाणावर तबकडीच्या तारा धरून बसलेला. मला बघून त्याने एक हात हलवला, आणि कॅमेरा चालू होता. पुन्हा घ्यायला फिल्म शिल्लक नव्हती, म्हणून राहिलं तसंच. कुणी विचारलं की व्हर्नन म्हणायचा, शनीवरचा वारा.
हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. आता मला एकटीला.

१९ मार्च
मिस ओकाडा म्हणून एका बाईंचा फोन. जुने सिनेमे साफसूफ करून जपायचं काम करतात. आमच्या सिनेमाची मूळ निगेटिव्ह कुठल्याशा गुदामात सापडली. सप्टेंबरात मोठ्या पडद्यावर दाखवणार. डबे उघडले तेव्हा व्हिनेगरचा वास आला म्हणाल्या, जुनी फिल्म कुजायला लागली की येतो. म्हटलं, तो व्हर्ननचा वास. तारा कॅमेऱ्यात चमकू नयेत म्हणून तो त्यांना व्हिनेगर चोळायचा. लग्नानंतर कित्येक वर्षं त्याच्या बोटांना लोणच्याच्या बरणीसारखा वास होता.
मी अगदी शांतपणे बोलले. मीटलोफ जळालं तो ओव्हनचा दोष.

२ एप्रिल
लायब्ररीतून शनीवरचं पुस्तक आणलं. हा सिनेमा आजही टिकतो हे पुराव्यानिशी सिद्ध करणार आहे. शनीवर उभं राहायला जमीनच नाही, असं पुस्तक म्हणतं. म्हणजे तिथल्या सैनिकांना बूट कशाला हा प्रश्न उरतो. तेवढं सोडलं तर शास्त्र चोख.
टुसॉनहून लॉरेनचा फोन. म्हणाली, आई, त्यातला राक्षस म्हणजे गालिचा पांघरलेला माणूस आहे गं. गालिचा नव्हता. गालिच्याखालचं अस्तर होतं. आजकालच्या मुलांना, म्हणजे ती सत्तावन्न वर्षांची आहे, बारकाव्यांची कदर नाही. पुन्हा तिच्याकडे राहायला येण्याचा विषय काढला. सप्टेंबरनंतर बघू म्हटलं.

१५ मे
मिस ओकाडा घरी आल्या. लॅपटॉपवर साफ केलेला तुकडा दाखवला. आकाश इतकं काळंभोर मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यात तबकडीच्या तारा, कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या ठळक. म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. त्यांनी समजावलं, की त्या काळच्या पडद्यावर दिसत नव्हत्या, आता चित्र फार स्वच्छ झालं. आम्ही तारा मुद्दाम ठेवतो, लोकांना आवडतात.
“आवडतात म्हणजे हसतात ना?” मी विचारलं.
त्या कॉफी ढवळत बसल्या.
तारा पुसायला लावणार. माझ्या नवऱ्याला कोणी हसायचं नाही. हा शेवटचा निर्णय.

१० जून
जिंकले. रोज फोन करत होते, हट्ट म्हणून नाही, पाठपुरावा म्हणून. मिस ओकाडा तारा पुसायला तयार झाल्या. शेवटी एक विचारलं त्यांनी. म्हणाल्या, “उतरताना तबकडीला एक हिसका बसतो. तो तुमच्या मिस्टरांनी मुद्दाम दिला असेल तर आम्ही हात लावणार नाही, नाहीतर तोही काढून टाकू.”
मी ताडकन म्हटलं, “व्हर्ननचा हात आयुष्यात कधी हलला नाही. रीळ सरकलं असेल.”
फोन ठेवल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. गॅस बघितला. बंद होता.

२५ ऑगस्ट
घर आवरायला काढलं. जुना व्हीसीआर आणि सिनेमाची कॅसेट, दोन्ही जुन्या सामानाच्या दुकानात देऊन आले. कॅसेटवर तबकडीच्या जागी आता नुसत्या मुंग्याच दिसतात, पुन्हा पुन्हा तिथेच थांबवल्यामुळे. नवी आवृत्ती येतेय, जुनी कशाला सांभाळा.
शेजारची आराक्सी गाडीतून सोडायला आली होती. म्हणाली, “काय गं हेझल, नवऱ्यालाच दान करून आलीस की काय?”
आर्मेनियन लोक फार भावनाप्रधान. मी नाही.

१४ सप्टेंबर
थिएटर भरलेलं. सुरुवातीला मिस ओकाडांनी व्हर्ननचं नाव घेतलं. म्हणाल्या, ज्याचा हात आयुष्यात कधी हलला नाही असा कारागीर. टाळ्या. त्याचं नाव मोठ्याने कुणी घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.
लोक बुटांना हसले. अस्तराला हसले. रॉकेटमध्ये पाइप ओढणाऱ्या शास्त्रज्ञाला तर फारच हसले. मग तबकडी आली आणि कुणी हसलं नाही. एकही तार नाही. मी नेहमीप्रमाणे डावीकडे कलले. शेजारी बसलेल्या आराक्सीच्या खांद्यावर गेले म्हणे.
तबकडी लिफ्टसारखी सरळ खाली आली आणि टेकली. वर कुणीच नव्हतं.
मिस ओकाडांनी वळून पाहिलं. मी अंगठा वर केला.

१७ सप्टेंबर
जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन आले. सहजच, एक दिवा बघायला. कॅसेट आता कुणी घेत नाही, म्हणून खोकं तसंच कचऱ्यात गेलं म्हणाले. दिवाही घेतला नाही.

२० सप्टेंबर
मिस ओकाडांना फोन केला. हिसका परत घालता येईल का, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी बोलूच दिलं नाही. डिस्क निघणार आहे, तिच्या पुस्तिकेत व्हर्ननवर स्वतंत्र पान आहे. वाचून दाखवलं. हात कधीही न हललेला माणूस. छापायला गेलं.
छान आहे म्हटलं. त्या कामात होत्या, आणखी वेळ घेणं बरं नव्हतं.

२२ सप्टेंबर
लॉरेनचा फोन. सिनेमा आता बघवतो का, असं विचारलं. म्हटलं, उत्तम टिकलाय, तबकडी अजिबात हलत नाही. मग राहायला कधी येतेस, म्हणाली. मी हो म्हटलं की नाही, ते आता आठवत नाही.
आज रविवार. नियमाप्रमाणे आज बघायला हरकत नाही.