आपल्या फाट्यावर थांबत नाही

अकोला, ९ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आत्याबाईंना,
सुनेचा सा. न. वि. वि.

फोनवर तुमी नुसतं हॅलो हॅलो करता अन् मी इकडं ओरडून घरमालकिणीले घाबरवते, म्हणून तुमच्या कानापेक्षा कागदच बरा. खबर अशी, की मले अकोला–परतवाडा जलद एसटी चालवायले भेटली! ह्यांचा पाय मोडला तवा मी आपला झेंडू-शेवंतीचा टेम्पो हाती घेतला, तर अकोटच्या बाजारात लोक हसत. आता त्याच रस्त्यानं एसटीभर माणसं माझ्या मागं बिनघोर झोपतात.

एकच वांधा आहे. गाडी अकोटले थांबते अन् मग थेट अंजनगावले. आपला फाटा मधातच राहते. पोळ्यानंतर मले घरी यायले सुटी भेटली नाही. शाळा सुटली की पाचच्या सुमाराले आचलले घेऊन फाट्यावरच्या निमाच्या झाडाखाली उभ्या राहजा, म्हणजे लेकीचं तोंड तरी दिसन.

लोभ आहे तेवढाच ठेवा, ड्रायव्हर झाली म्हणून कमी करू नका.
तुमची गीतांजली

मु. मळा, १९ सप्टेंबर

चि. सौ. गीतांजलीस अनेक आशीर्वाद.

बाप्पा, कालची गोठ ऐक. आमी दोघी निमाखाली उभ्या. आचलनं शाळेचे कपडेबी बदलले नाही. लाल गाडी दिसली, पोरीनं हात वर केला, अन् हात वर जाईपर्यंत नुसता धुराळा उरला. मी तं तुयाऐवजी खिडकीतल्या एका टकल्यालेच हात हलवला. त्यानंबी हलवला, मेल्यानं!

घर खायले उठते वं. फुलं तोडताना तू किती बोलायची! मले अर्धं ऐकू येत नव्हतं, तरी बरं वाटे. आता माया पोरगा चंदन मुक्यासारखा तोडते अन् मी बहिरी. लेकरू विचारते, आई थांबत काहून नाही? अवं, एक डाव थांबव नं गाडी. कोणी उतारू उतरून राहिला असं समज. पोरीले जवळ घे अन् चाल.

जेवत जाजो. माया आहेच, ते काय लिहायची गोठ आहे?
तुयी आत्याबाई, पार्बताबाई

अकोला, ३० सप्टेंबर

तीर्थरूप आत्याबाईंना सा. न. वि. वि.

त्या टकल्या माणसाचं वाचून मी एकटीच हसली अन् मग एकटीच रडली.

आत्याबाई, मले थांबावं वाटत नसन का? पण आमच्या डेपोत गाडी चालवणाऱ्या आमी दोघीच बाया. सारे टपून बसले आहेत. मी एक डाव थांबली तर उद्या म्हणतील, बाईच्या हाती गाडी दिली तं थे घरी जाऊन भाजी फोडणीले टाकून येते! अजून मी नोकरीत पक्कीबी व्हायची आहे. मी तुमाले दिसत नसन, पण तुमी मले दिसता. आचलच्या लाल रिबिनी दुरूनच दिसतात. रात्री पोळ्या करताना त्याच डोळ्यापुढं येतात अन् तव्यावरची पोळी करपते.

राग धरू नका, लोभ धरा.
तुमची गीतांजली

मु. मळा, १४ ऑक्टोबर

चि. गीतांजलीस आशीर्वाद.

दसरा झाला. तू आली नाही. तुया गाडीले कोणाच्या मळ्यातल्या झेंडूची माळ होती?

आचल आता निमाखाली येत नाही. तुयं पत्र मी तिले वाचून दाखवलं, मायी अक्कल! वाटलं, पोरगी खूश होईन. थे म्हणते, आईले मी दिसते, तरीबी आई थांबत नाही, मंग मी काहून जाऊ? फोनवरबी येत नाही म्हणून चंदन सांगते. काल मी एकटीच उभी होती.

जास्त काय लिहू. तब्येतीले जपजो.
पार्बताबाई

अकोला, १९ ऑक्टोबर

तीर्थरूप आत्याबाईंना सा. न. वि. वि.

निमाखाली तुमी एकट्या दिसल्या. अंजनगाव येईपर्यंत मले समोरचा रस्ता पुसट दिसत होता. असं गाडी चालवणं बरं नाही.

टेम्पोत आचल माझ्या बाजूले बसून पिशवीतले मुरमुरे खात येत होती. थेच दिवस बरे होते. दिवाळी झाली की राजीनामा देते. गाडी चालवायले मले लय आवडते, हे खोटं नाही. पण लेकरू तुटलं तर एवढ्या मोठ्या गाडीचं करू काय? ह्यायले अजून सांगितलं नाही. तुमी म्हणान तसं करन.

तुमच्या लोभाची मले आता खरोखर गरज आहे.
गीतांजली

मु. मळा, ३० ऑक्टोबर

चि. सौ. गीतांजली ड्रायव्हरीणबाईस अनेक अनेक आशीर्वाद.

राजीनामा देशीन तं मायाशी बोलजो नको. काल अंजनगावले तू आचलले छातीशी धरलं अन् लगेच कंडक्टरनं घंटी मारली, म्हणून सांगायचं राहून गेलं. थे आता लिहिते.

चंदन दिवाळीचा झेंडू घेऊन अकोटले निघाला, तवा टेम्पोत आमीबी बसलो. तिथून तुयी गाडी धरली. मायं अर्धं तिकीट, आचलचंबी अर्धं. ड्रायव्हरशी बोलू नये असं गाडीत लिहिलेलं आचलनंच मले वाचून दाखवलं अन् तोंडावर दोन्ही हात धरून बसली. आरशात तुये डोळे तेवढे दिसत होते.

फाटा आला तशी गाडी हळू झाली. कान गेले असले तरी एवढं मले अंगाले समजते. निम आला, मळा आला, अन् गेला. पोरगी माया कानाशी तोंड लावून ओरडली, आजी, आईले आपण एवढाच वेळ दिसतो? मंग लय रडली. मीबी रडली, खोटं काहून सांगू? बाजूचा रोजचा उतारू काहीतरी बोलला, थे तिनं मले कानात सांगितलं. तो म्हणे, रस्ता साफ असते तरी ताई इथं रोज गाडी हळू करतात, कायले कोणास ठाऊक.

लोकायच्या ध्यानात येऊन राहिलं वं, तवा थे आता बंद कर. निमाच्या पुढं पुलाजवळ वळण आहे. तिथं कोणताबी ड्रायव्हर गाडी हळू करते, हे मी काल जातायेता दोन्ही गाड्यांत बसून पाहिलं. उद्यापासून आमी दोघी तिथल्या बांधावर उभ्या राहू. जागा आचलनंच शोधली.

लोभ असू दे अन् नजर रस्त्यावर असू दे. एक डोळा तेवढा डाव्या बाजूले.
तुयी आत्याबाई, पार्बताबाई