दसऱ्याला पुजलेली नळी

१४ सप्टें.
घरी जोडायच्या रायफलचा किट आला. बत्तीस कॅलिबर, तोंडातून दारू ठासायची, खारीच्या शिकारीपुरती. होता त्यातला सर्वांत स्वस्त. विद्या खोकं बघून म्हणाली, "टेबल मागवलंत का?" हो म्हटलं. लाकूड होतंच आत.

१६ सप्टें.
मुक्ताला फोटो धाडला. लेक पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या किल्ल्यावर टूरिस्टांना असल्याच बंदुका उडवून दाखवते. "यासाठी शिकवलं का तुला?" असं मी विचारलं, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून अबोला.
आज उत्तर. "थँक्सगिव्हिंगला येते. वी'ल बिल्ड इट टुगेदर. डोन्ट टच द बॅरल, बाबा, बेअर स्टील आहे, हाताच्या घामानेही गंजतं."
तीनदा वाचलं.

२ ऑक्टो. दसरा
दरवर्षी शस्त्रपूजनाला लॅपटॉप आणि स्क्रूड्रायव्हर. यंदा घरात खरं शस्त्र. पाठशाळेतलं संस्कृत गंजू नये म्हणून षोडशोपचार: पंचामृत, शुद्धोदक, ओलं गंध, हळदकुंकू. मु.चा नियम पाळला. हात लावला नाही, पळीनेच स्नान.
वि. : "पुसून ठेवा हो."
"उत्तरपूजेआधी हलवत नाहीत."

५ ऑक्टो.
ऑफिसात रिलीज. उत्तरपूजा राहूनच गेली. आज कुंकू पुसलं, खाली पुन्हा तांबडं. कुंकूच समजून घासत बसलो, बराच वेळ. नळीत टॉर्च मारला. आतही तेच. दह्याने काम चोख केलंय.

१९ ऑक्टो.
तेल, तारेचा ब्रश, सगळं झालं. बोटाला खड्डे लागतात. बंदुकांच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला दाखवली.
"व्हॉट डिड यू पुट ऑन धिस?"
"योगर्ट."
नळी परत माझ्या हातात दिली. "हँग इट ऑन द वॉल, सन."
पंचावन्नाव्या वर्षी कुणी सन म्हणालं, हीच काय ती मिळकत. सुटी नळी मिळत नाही. नवा किट मार्चनंतर.

१० नोव्हें.
मु. : "हाऊ'ज अवर बॅरल?"
अवर. लिहिलं, खोडलं. लिहिलं...
वि. म्हणते, सांगून टाका, फार तर रागावेल. रागावली तर उत्तमच. गप्प बसली की

२५ नोव्हें.
लिहिलं : "पूजेत गंजली. चूक माझी. तरी ये." वाचल्याची खूण लगेच आली. बाकी काही नाही.

२६ नोव्हें.
उद्या थँक्सगिव्हिंग. किल्ला दुपारीच बंद होतो. निघाली असेल तर सातपर्यंत पोचायला हवी. सव्वाआठ. फोन केला नाही. विचारायचं काय?
विद्या विचारतेय, कुकर दोघांचा लावू की तिघांचा.
म्हटलं, थांब जरा.