कामिसेतोच्या फलाटावरचा सोबा

कामिसेतो, तोक्यो
९ नोव्हेंबर

चि. मिनोरी,

आशीर्वाद. इकडे गिंकोची पानं पिवळी होऊन उडायला लागली आहेत. माझी तब्येत ठीक. तुझं पत्र पोचलं. फोनवर मला जमत नाही, म्हणून लिहितो आहे.

तुझ्या होणाऱ्या सासरच्यांना, कुसुनोकी मंडळींना, माझ्याबद्दल काय सांगू असं विचारलंयस. सांग, की या माणसाने केयाकीच्या लाकडाची फळी रंधून स्वतः ओटा केला, असा की शाळकरी पोरीला टाचा उचलायला नकोत आणि उंच कारकुनाला वाकायला नको. ओट्याखाली छत्र्यांसाठी पितळी आकडे ठोकले. दारावरचा पडदा निळीत स्वतः बुडवला. सोब्याच्या शेवया उकळत्या पाण्यात धरायचे बांबूचे झारे विणले, पातेल्याचं लाकडी झाकण कोरलं, पाटीवरची अक्षरं काढली. आणि रस्सा. तो मला कुणी शिकवला नाही. ज्या दुकानात शिकायला म्हणून गेलो, तिथल्या म्हाताऱ्याने नुसती भांडी घासून घेतली. शिकलो ते घरी, तुझ्या आईच्या जिभेवर. "अहो, आज पुन्हा माशाची चव पुढे आलीय," एवढंच ती म्हणायची, आणि मी पातेलं ओतून द्यायचो. ती गेल्यापासून असं तोंडावर सांगणारं कुणी उरलं नाही.

रविवारचा बेत वाचला. "बाबांचं स्वतःचं दुकान आहे, थेट फलाटावर," असं तू सांगितलंस आणि तुझ्या तोमोनारीच्या वडिलांना तिथे उभं राहून एक वाडगा खायचाच आहे म्हणे. हौशी गृहस्थ दिसतात. पण रविवार नको. रविवारी फार गर्दी असते.

नसते. तुला चांगलं माहीत आहे, शाळेत असताना रविवारी तूच तर ओटा पुसायचीस.

आधी स्टेशनची बातमी सांगतो. रूळ वर नेले, खांबांवर. ज्या फाटकापाशी अडकून तू रोज शाळेला उशिरा पोचायचीस, तिथे आता सायकली लावतात. नवा फलाट घरांच्या छपरांच्याही वर आहे. सरकते जिने आहेत, आंधळ्यांसाठी लावलेली फरशी सरळ आहे (एके ठिकाणी बोटभर चुकली आहे, ते असो), पण वाऱ्याला अडवणारं काही नाही. जुना फलाट वसंतात पाडला. त्यावर जे जे होतं त्यासकट.

मी रोज जातो. फलाटाचं तिकीट काढतो आणि बाकावर बसतो. गाड्या येतात, जातात. मी कुठल्याच गाडीत चढत नाही.

वर एक नवं सोब्याचं दुकान निघालं आहे. यंत्रात पैसे टाकले की चिठ्ठी पडते, चिठ्ठी दिली की वाडगा येतो. परवा मी चिठ्ठी घेतली. शेजारी राखाडी कोटातला एक जण येऊन उभा राहिला. भजी वेगळ्या बशीत, कांद्याची पात जास्त. वर्षानुवर्षं मी त्याला वाढलं आहे. नाव माहीत नाही, पण तो दिसला की वाडगा पुढे सरकवायचो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिखटाची डबी पुढे केली. "हवंय का?" ओळखलं नाही. डोक्याला फडकं नव्हतं ना. शिवाय ओट्याच्या या बाजूला त्याने मला कधी पाहिलंच नव्हतं.

त्याच्याबरोबर कचेरीतला एक जण होता.

"स्टेशन खाली असताना एक खडूस होता इथे," राखाडी कोट सांगत होता. "चाखायच्या आधी तिखट टाकलं की डोळे वटारायचा."

"मग जायचास कशाला मरायला?"

"अरे, रस्सा! आणि बायको इस्पितळात होती ना माझी, तेव्हा न विचारता रोज वरून अंडं फोडून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. कधीतरी दोन शब्द बोलावेसे वाटायचे, पण त्याचं तोंड बघितलं की घास गिळून पळायचो."

"वारला असेल."

"असेलच. दुकान नाही तर तो काय करणार?"

मी सगळा रस्सा प्यायलो. आधी खारट, मागून गोड. खाऊन झालं की वाडगा आपणच ओट्यावर ठेवायचा असतो. मी माझा ठेवला, मग त्या दोघांचे उचलून ठेवले आणि रुमाल काढून ओटा पुसायला लागलो. आतल्या बाई म्हणाल्या, "काका, राहू द्या हो! आम्हाला पगार मिळतो त्याचा." सगळे हसले. मीही हसलो. राखाडी कोटवाला मात्र माझ्या हातांकडे बघत राहिला. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात गाडी आली.

तर मिनोरी, दुकान नाही. एप्रिलपासून नाही. तू फोनवर "गिऱ्हाईक कसं आहे?" विचारायचीस आणि मी "बरं आहे" म्हणायचो. ओटा माझ्या खोलीत भिंतीला टेकवला आहे, त्याच्यामुळे अंथरूण तिरपं घालावं लागतं.

कुसुनोकी मंडळींना काय सांगायचं ते तू ठरव. त्यांच्यासमोर तुझा शब्द खोटा पडायला नको असेल, तर बाबा आजारी आहेत म्हण, मी घराबाहेर पडणार नाही. खरं सांगणार असशील, तर तिकिटाच्या दारांबाहेर दाढी करून उभा राहीन. मग जेवायला कुठे न्यायचं तेही तूच सांग. मला दुसरं ठिकाण माहीत नाही.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे. मला कुणी हाकललं नाही. पाडायच्या आधी त्या नव्या दुकानाच्या कंपनीचे दोघे मिठाईचा डबा घेऊन आले होते, नीट वाकून बोलले. वरचं दुकान मीच चालवायचं, दर महिन्याला पगार, पाटी माझीच. रस्सा तेवढा कारखान्यातून पिशवीत येणार. आणि पाटीवरच्या नावाचे म्हणून एकरकमी साठ लाख येन. मी नको म्हणालो.

तुझा,
बाबा