पोकळ राशी आणि चार ताळेबंद

बोरघाट कौल कारखान्याच्या भागधारक बंधुभगिनींनो, तुमचे पैसे बुडाले, आणि कारखाना का बुडाला हे तुम्हाला कोणी धड सांगितले नाही. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या घरच्यांइतकेच तुमच्यासाठी आहे.

मी सहदेव कोंडाजी ठोंबरे, वय एकसष्ट, निवृत्त शिक्षक, राहणार कळंब, तालुका कर्जत. शरीर खचले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाविना माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो.

राहते घर व परसातले दोन फणस पत्नी विमलबाईचे. शेअर घेऊ नका, असे तिने बजावले होते. मी म्हणालो, "तुला काय कळतं!" ते शब्द येथे लेखी परत घेतो.

चारशे बारा पुस्तके गावच्या वाचनालयास. एवढे वाचणाऱ्या मी कारखान्याचे चार वार्षिक अहवाल मात्र डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली सारले होते! आणि नेरळपासून खालापूरपर्यंत सभा गाजवून तुम्हाला शेअर घ्यायला लावले ते मीच.

गेल्या महिन्यात ते अहवाल काढून अंथरुणावर ओळीने मांडले. एकेक वर्ष सुटे वाचले तर सगळे गोजिरे दिसते. चारही ताळेबंद शेजारी ठेवा, मग पाहा! जळणाचा खर्च पहिल्या वर्षी सहा हजार, चौथ्या वर्षी एकोणतीसशे. लढाईपासून लाकूड महागलेले, तरी खर्च निम्म्याखाली! विक्री होती तेवढीच. आणि शिल्लक कौले? ऐंशी हजारांवरून चार लाख! मी ताप विसरून उठून बसलो. नफा दाखवला तो या कौलांच्या किमतीचा. ज्या लाभांशाचे आपण पेढे वाटले, तो नव्या भागधारकांच्या पैशांतला. नवे भागधारक संपले, कारखाना संपला. माल न्यायला रेल्वेचे डबे मिळाले नाहीत म्हणून कारखाना बुडाला, ही नुसती थाप.

कारखान्याच्या भट्टीवर कौलांच्या राशी रचणाऱ्या सोमीला बोलावून आकडे सांगितले. ती हसत सुटली.

"मास्तर, जळाण नाय तर कौलं भाजली कशानं? तुमच्या भाषणानं?"

"मग कारखान्याच्या अंगणातल्या राशी?"

"पोकळ हायत. कडंनं कौलं, मधी माती न् तुकडं. तुमचा अध्यक्ष सायब म्हनायचा, बाहेरनं देखणी दिसू दे गं."

तिची आठ आठवड्यांची मजुरी कारखान्याने बुडवली. ती माझ्या शिलकीतून आधी द्यावी. उरलेले मुलगी जयवंता हिला. व्यवस्थाही तिनेच पाहावी, आणि मी गेलो असलो किंवा नसलो, हा कागद सभेत मोठ्याने वाचावा.

माझ्या भाषणांवर खूश होऊन कारखान्याच्या अध्यक्षांनी मला पांघरलेली शाल त्यांना परत. धुऊ नये.

येत्या तेरा मार्चला, रविवारी, खोपोलीला कारखान्यावर भरणाऱ्या सभेत ते नोटिशीत लिहिल्याप्रमाणे म्हणतील, पैशांऐवजी राशी वाटून घ्या आणि सर्व हक्क फिटल्याच्या पावतीवर अंगठा द्या. अंगठा उठला की दावा मेला! शाई बोटाला लागण्याआधी सगळे उठा, अंगणात जा, आणि अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत पहिली रास पाडा!

सही: सहदेव कोंडाजी ठोंबरे
साक्षीदार: लडकू बामा भोईर, सही
सोनुबाई मालोजी देशमुख, निशाणी अंगठा
मुक्काम कळंब, ता. २ मार्च १९४९