त्याच जागी तेच पट्टे

३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

प्लॅस्टरमध्ये खाज सुटली तरी आत विणायची सुई खुपसू नकोस.

सध्या माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली साखरेपासून केलेला साबण आहे. त्याच्या प्रत्येक रेणूला साखरेचं डोकं आणि तेलकट शेपूट. डोकी एकमेकांना घट्ट धरतात, शेपट्या वेगळीकडे एकत्र येतात आणि वाहत्या पदार्थातही थर लागतात, काचेखाली ते उजळ पट्ट्यांसारखे दिसतात. शेपटीला फाटा असला तर मात्र दाटीने बसता येत नाही, थर वाकतो. आमचे सर मला म्हणाले, हा फाटेवाला तुझ्यावर गेलाय.

दादाविरुद्धच्या जबाबावर मी सही केली. सुनावणी वीस तारखेला आहे.

तुझी,
धाकटी

८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. दादा मेणासारखा मऊ झालाय गं. भांडी घासतो, माझी वेणीसुद्धा घालतो, वाकडी का होईना. सोबतचा कागद त्यानेच आणला. तू जबाब मागे घेतेस, असा. सही करून पाठव. पोटचं पोर तुरुंगात गेल्यावर मला घास गोड लागेल का? तुझ्या साबणाला आई नसते, मला मुलगा आहे.

आई

१२ मार्च

ती. आईस,
सा. न.

कागद सहीशिवाय परत पाठवते. काल साबण तापवला. थर मोडले, काचेखाली नुसता काळोख. वाटावं, संपलं. थंड होऊ दिला, तर त्याच जागी तेच पट्टे. सात वेळा केलं. वितळल्याने रेणू बदलत नाही, आई. लाटण्याचे फटके मी दाराआडून मोजले होते. अकरा. त्याआधीही तो मेणच झाला होता.

राग धर, पण जप.

धाकटी

१८ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मी सांगते आहे, लिहिते आहे वॉर्डातली नर्स. घरचं टपाल तोच फोडतो, हे मी तुला कधी कळवलं नव्हतं. तेव्हा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. सही नाही बघून त्याने इस्त्रीने प्लॅस्टर फोडलं, आतलं हाडही. मग डावा हात चौकटीत धरून दार लोटलं. दोनदा. बोटं गेली, ओठ फाटला. नंतर पाणी घेऊन आला, मांडीवर डोकं ठेवून रडला. मला तुझे पट्टे दिसले.

काल फौजदार आले. माझा जबाब झाला. सही कशी करणार, म्हणून चुळबुळत होते. डावा अंगठा शाबूत आहे म्हटलं.

शाई काही निघत नाही. माया आहेच, ती लिहायला नको. तू तुझा साबण घेऊन ये.

आई