चार भोकं की एक चीर

रविवार, ७ जाने. ९६

पहिली आली ती हसीनाबी, शेजारची. पडघ्याची मंडळी, शोभाच्या सासरची, अजून रिक्षातून उतरत होती आणि ही दारात हजर. "आपा, समधन आई क्या?" मग विहीणबाई आणि जावई. विहीणबाई पाळण्यात वाकून म्हणाल्या, नाक आमच्याकडचं हाय. हसीनाबी म्हणाली, नाक तो नानी का है. मी पाळण्याची दोरी धरली, पण नाक माझंच आहे. सव्वा महिन्याची झाली छकुली. दोन आज्या एका दोरीला, झोका काही सरळ जाईना.

विहीणबाईंनी स्वतः बांधलेले डिंकाचे लाडू आणलेत, स्टीलचा मोठा डबा भरून. शोभा दुसऱ्यालाच नको म्हणाली. मी म्हटलं, बाळंतिणीने नको म्हणू नये, आणि तिसरा हाताने भरवला. पाहुणे चारला गेले. पाचला शोभाच्या पोटात दुखायला लागलं, उजवीकडे बरगडीखाली. वारा धरला असेल. ओवा दिला.

मंगळ. ९

परत दुखलं. दुपारी जेवून दोन तास झाले होते. पाठीपर्यंत कळ, मग उलटी. मी मऊ भात दिला, वर दोन चमचे तूप. त्याने वाढलंच. हसीनाबीने पोटाला हात लावला. "आपा, ये हवा नहीं है. पहले डॉक्टर, बाद में घी." मला राग आला. शोभाकडे बघितलं आणि गेला राग. ओठ पांढरे पडले होते पोरीचे.

गुरु. ११

सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे. मला स्वतःला झालं होतं हे दुखणं, मग ओळखलं कसं नाही? बाळंतीण म्हटली की मला वाऱ्यापलीकडे सुचतच नाही.

डॉ. तेच, माझं ऑपरेशन केलं ते. केस पिकले आता. मी तूप, लाडू सगळं कबूल केलं. म्हणाले, "आजी, खडे लाडवांनी नाही झाले, आधीचेच आहेत. लाडवांनी फक्त जागे केले. उरलेले तुम्ही खा, तुमचं पित्ताशय मीच काढलंय." आमचे हे हसले. मला हसू आलं नाही.

काढायला लागणार. इथे केलं तर पोट उघडून, वीतभर चीर, आठ-दहा दिवस दवाखाना, दोन महिने वजन उचलायचं नाही. ठाण्याला दुर्बिणीने करतात, चार बारीक भोकं, आत काय चाललंय ते टीव्हीवर बघत बघत. तिसऱ्या दिवशी घरी. डॉ. सरळ म्हणाले, दुर्बीण मी शिकलेलो नाही. पण ठाण्याला गेलात तरी कागदावर दोन्ही ऑपरेशनांसाठी सही द्यायची. आत नीट दिसलं नाही तर त्याच टेबलावर पोट उघडतात.

बाळ वजनात धरायचं का, मी विचारलं. धरायचं, म्हणाले.

तीळगूळ चालतो का ते विचारायचं राहिलं.

शुक्र. १२

आज शेजारचे कापडाचे लूम बंद. आवाज नाही म्हणून छकुली झोपेना. बाकी दिवस शेजारी एवढी खटखट चालते तर ढाराढूर. मांडीवर घेऊन बसले, बरं वाटत होतं खरं तर.

कपाटातली बाटली काढून शोभाला दाखवली. माझे खडे, ऐंशी सालचे. सात आहेत. म्हटलं, उघडून केलं तर असं हातात देतात, निघाले की नाही कळतं. भोकातून काय काढलं आणि काय राहिलं, कोणाला माहीत? टीव्ही बघून ऑपरेशन करतात का कोणी? आमचा टीव्ही तर वाऱ्याने मुंग्या दाखवतो.

शोभा बाटलीकडे बघत होती. म्हणाली, "आई, तू मला दोन महिने घेतलं नव्हतंस."

चार वर्षांची होती ती. टाके तुटतील म्हणून तिला माझ्या बहिणीकडे ठेवली होती. म्हटलं, तुला काय आठवणार तेव्हाचं?

"मी दारात उभी राहायचे आणि मावशी म्हणायची, लांबून बघ."

मी बाटली कपाटात ठेवून दिली.

रवि. १४

पडघ्याची मंडळी आली. विहीणबाईंचं पक्कं होतं, इथेच करायचं, ओळखीचा डॉक्टर हाय. "आमच्या शेजारच्या सुनेला तिकडं नेली. भोकं पाडली चार, अन् मंग पोट फाडलंच. दोन्ही झालं तिचं." जावई खाली बघत होते. त्यांना ठाणं हवंय, पण आईपुढे बोलत न्हाईत. बघा, मीही पडघ्यासारखं लिहायला लागले.

मग माझ्याकडे वळल्या. "तुमीच सांगा हिला. तुमाला काय तरास झाला?"

सोळा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय, काही झालं नाही म्हणून. बाटली दाखवते, चीर दाखवते, हसते. तोंडावर तेच आलं होतं. शोभा छकुलीला पाजत होती, वर बघितलंही नाही तिने.

म्हटलं, टाक्यांचा नाही झाला. दोन महिने पोरीला जवळ घेता आलं नाही. घरी आणली तर माझ्याकडे येईना, मावशीचा पदर सोडेना. तो झाला.

हे उठून उगाच पंखा लावायला गेले, जानेवारीत.

विहीणबाईंनी छकुलीला घेतलं, खांद्यावर टाकून ढेकर काढला. मग हळूच, "अन् ते भोकातनं जमलंच न्हाय तर?" भीती मलाही तीच आहे.

निघताना विचारलं, "लाडू सरले का? आनखी बांधते." शोभाने माझ्याकडे बघितलं. सांगावं लागलं, तूप बंद केलंय. त्यांचा चेहरा उतरला. "माझ्या लाडवांनी झालं?" म्हटलं, नाही हो, खडे आधीचेच. आणि भरवले मी.

उरलेले हसीनाबीच्या घरी दिलेत. डबा घासून ठेवलाय. रिकामा परत द्यायचा नाही, पण आता त्यात काय घालू? कुरमुरे घालीन.

शोभाच्या सासऱ्यांना विचारून येतो म्हणाल्या, मग सांगतो ठाणं का इथंच. गुरुवारी येणार आहेत, १८ ला.